पॉकलिंग्टन यांची वाकडी नळी

शब्द देताना माणसाला फारसा विचार करावा लागत नाही, पाळताना करावा लागतो. आणि दिलेल्या शब्दाची हद्द एखाद्या काटेरी झाडापाशी संपत असेल, तर पाऊल टाकतानासुद्धा करावा लागतो. हॅदरबीच्या डेस्मंड पॉकलिंग्टन यांना ही गोष्ट वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली, आणि तीही शेतात गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात भोकात असताना कळली.

पॉकलिंग्टन मूळचे पाणीखात्यातले. लिंकनशरच्या त्या टेकड्यांमध्ये कुणाच्या नळाला किती पाणी गेलं याचे कागद त्यांनी बत्तीस वर्षं सांभाळले. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी घड्याळ देण्याऐवजी जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र दिलं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. धातू सापडला की कानात कोंबडीच्या पिल्लासारखं चिवचिवतं. तेव्हापासून अकरा वर्षं पॉकलिंग्टन ऊन म्हणू नका, धुकं म्हणू नका, लोकांच्या शेतांतून थाळी फिरवत होते आणि अकरा वर्षांत त्यांना काय काय सापडलं, ते त्यांच्या गॅरेजमध्ये बरण्यांत भरून ठेवलेलं आहे. एक बरणी बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी बुडांची. एक बरणी पँटच्या बटणांची. आणि लोणच्याच्या मोठ्या बरण्या पाच, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्यांच्या. "आपल्या देशातल्या माणसांनी प्यायलं किती आणि बटणं किती सांडली, याचा हिशेब पुढच्या पिढ्यांना तुझ्याकडूनच मिळणार बघ, डेस," असं त्यांची बायको म्युरियल म्हणायची. तिच्या बोलण्यात धार असायची, पण धार लावताना ती समोर बिस्किटंही ठेवायची. त्यामुळे लागायचं कमी.

या छंदात यंत्राला फारशी किंमत नसते. किंमत असते ती शेतमालकाच्या परवानगीला. ती कागदावर नसते. शेताच्या फाटकाशी उभं राहून मालकानं हात मिळवला की झाली परवानगी, आणि त्यानं तोंड फिरवलं की गेली. धातू शोधणाऱ्यांच्या क्लबातले लोक मुलींच्या स्थळांबद्दल बोलत नसतील इतक्या हळू आवाजात परवानग्यांबद्दल बोलतात. पॉकलिंग्टन यांच्याकडच्या बाकीच्या सगळ्या परवानग्या काळाच्या ओघात गेल्या होत्या. एका शेतावर घरं झाली, दुसऱ्या शेतमालकाच्या जावयानं स्वतःच यंत्र घेतलं. उरलं होतं एकच शेत, अँब्रोझ कपलडिच यांचं चाळीस एकरांचं. अँब्रोझ हा माणूस शब्द असे वापरायचा की जणू प्रत्येक शब्द त्याच्या कणगीतून जातोय. हात मिळवताना तो एवढंच म्हणाला होता, "काट्याच्या झाडापर्यंत. पलीकडे नाही."

शेताच्या वरच्या कोपऱ्यात हॉथॉर्नचं एक वाकलेलं काटेरी झाड होतं आणि त्याच्यामागे खाटेएवढा तुकडा, जो कपलडिच घराण्यानं कधीच नांगरला नव्हता. का नांगरला नव्हता? बापानं नांगरला नव्हता म्हणून. बापानं का नाही? आजोबानं नाही म्हणून. ट्रॅक्टर तिथून वळताना अँब्रोझ डोक्यावरची टोपी उचलायचा, हे पॉकलिंग्टन यांनी स्वतः पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, "डोकं खाजतं."

तर सप्टेंबर महिना. गहू निघालेला, पुढची पेरणी व्हायची. शोधणाऱ्यांच्या पंचांगात यापरता मुहूर्त नाही. पॉकलिंग्टन खुंटांमधून थाळी फिरवत झाडापाशी आले आणि कानात चिवचिवाट झाला. नेहमीचा कडीचा फुटका आवाज नव्हता तो. भरीव, गोल, सुरेल होता. आता कीर्तनात बुवांनी सूर लावला की मागचा झोपलेला माणूससुद्धा मांडी बदलतो, तसे पॉकलिंग्टन आतून हलले आणि आवाजाच्या मागे गेले. किती गेले? दोन पावलं. त्यांनी खणलं. आधी एक चपटा दगड लागला, मुद्दाम ठेवल्यासारखा. दगडाखाली काळी, कुजलेली, चामड्याचा वास असलेली माती. आणि त्या मातीत एक हिरवीगार, हंसाच्या मानेसारखी वाकलेली पितळी नळी. वीतभर लांब. एक तोंड रुंद, एक बारीक. तिच्यापासून पुढे, नागमोडी ओळीत, पितळेच्या तीन छोट्या चपट्या पट्ट्या.

पॉकलिंग्टन यांनी वर पाहिलं. झाड त्यांच्या पाठीमागे होतं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं आणि तेही चोरीच्या जागेवर. दैवाला विनोदबुद्धी आहे असं म्हणतात, ते उगाच नाही. पॉकलिंग्टन यांनी नळी घेतली, पट्ट्या तिथेच राहू दिल्या, खड्डा नीट बुजवला, दगड जागच्या जागी ठेवला, वर गवताचा तुकडा बसवून हलक्या पायानं दाबला आणि घरी आले. वाटेत त्यांनी स्वतःला सांगितलं की आधी वस्तू काय आहे ते कळू दे, मग अँब्रोझला सांगू. हा मनुष्यस्वभाव आहे. कबुली द्यायला जाताना हातात काहीतरी घेऊन जावंसं वाटतं.

पहिलं मत मांडायला शेजारचे बर्नार्ड कट्स कुंपणावरून आले. कुंपणाला फाटक होतं, पण बर्नार्डना त्याची माहिती नसावी. ते निवृत्त प्लंबर. जगातली प्रत्येक गोष्ट हा त्यांच्या दृष्टीनं पाइपच, फक्त काहींतून पाणी अजून सुरू झालेलं नाही इतकंच.

"हा नळ आहे," बर्नार्ड म्हणाले.

"याला चावी नाही."

"तुटली असेल."

"शेताच्या कोपऱ्यात नळ कशाला, बर्नार्ड?"

"पाणीखात्यात बत्तीस वर्षं काढलीस आणि हे मला विचारतोस? तुमच्याच खात्यानं बसवला असेल. शेतात बसवून बिल गावात पाठवायची तुम्हा लोकांची जुनी पद्धत."

हा वार खोल गेला. पॉकलिंग्टन उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बर्नार्डनी नळीचं एक टोक तपकिरी सॉसच्या वाटीत बुडवलं. पितळ साफ करायला सॉससारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं चाळीस वर्षांचं मत होतं. जुन्या धातूची हिरवी कांती कधी घासायची नसते, हा शोधणाऱ्यांचा पहिला धडा. पॉकलिंग्टन ओरडले. म्युरियलही ओरडली, कारण ती वाटी तिनं दुपारच्या बेकनसाठी काढलेली होती. नळी बाहेर काढली तेव्हा बारीक तोंडाकडची तीन बोटं लांबी सोन्यासारखी लखलखत होती आणि बाकीची हिरवी. ती आता अर्धवट पिकलेल्या मिरचीसारखी दिसू लागली.

"बघ," बर्नार्ड समाधानानं म्हणाले, "नळच."

मंगळवारी क्लबाची बैठक. पबच्या मागच्या खोलीत आठ माणसं आणि अध्यक्ष गॉर्डन थिसलवुड. गॉर्डन यांचा अनुभव दांडगा. कुठलीही वस्तू हातात घेतली की ते डोळे मिटायचे, ती तळहातावर तोलायचे आणि एकच वाक्य बोलायचे. तेच आताही बोलले, "रोमन. धार्मिक विधीसाठी."

"गेल्या महिन्यात माझं दाराचं बिजागर पण रोमन धार्मिक विधीचं होतं," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"रोमन लोक फार धार्मिक होते," गॉर्डन शांतपणे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "नोंद केलीस का, डेस्मंड? क्लबाचा नियम आहे. वस्तू आणि जागा, दोन्ही."

जागा हा शब्द ऐकून पॉकलिंग्टन यांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला.

त्या रात्रीच्या जेवणानंतर ते जिल्ह्याच्या पुरावस्तू कार्यालयाचा संगणकावरचा अर्ज उघडून बसले. बत्तीस वर्षं लोकांकडून अर्ज भरून घेणाऱ्या माणसाला स्वतः अर्ज भरताना काय वाटतं, हे कसायानं स्वतःवर बकऱ्याची पाळी आल्यावर सांगावं. वस्तू, वजन, लांबी हे झालं. मग आलं स्थळ. नकाशावरचे दहा आकडे. दहा आकड्यांत जागा मीटरभरापर्यंत नेमकी कळते. आठ आकडे लिहिले असते तर ती झाडाच्या अलीकडे की पलीकडे, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पॉकलिंग्टन यांचं बोट आठव्या आकड्यावर बराच वेळ थांबलं.

म्युरियल मागे उभी होती. "दोन पावलं तर आहेत, डेस."

"दोनच आहेत. पण माझी आहेत."

त्यांनी दहा आकडे लिहिले आणि खाली शेऱ्यात, 'परवानगीच्या हद्दीबाहेर दोन पावलं, चूक माझी,' असंही टाकलं. मग शेवटचा प्रश्न. वस्तू तिथे कशी आली असावी? उत्तरं तयार होती, त्यातलं एक निवडायचं. 'हरवलेली', 'टाकलेली', 'वस्तीचा भाग', 'दफन'. वर दगड ठेवून कुणीतरी मुद्दाम पुरलेल्या वस्तूसाठी वेगळं उत्तर नव्हतं. पॉकलिंग्टन यांनी पाच मिनिटं विचार केला आणि सत्याला सर्वांत जवळचं म्हणून 'दफन' निवडलं.

इथे एक सांगितलं पाहिजे. त्या कार्यालयात माणसाचं उत्तर आठ महिन्यांनी यायचं, कारण सगळ्या जिल्ह्याच्या बटणांना आणि कड्यांना मिळून एकच अधिकारी होती, डॉ. रोवेना प्राइस, आणि ती बिचारी फार सभ्य होती, प्रत्येक बटणाला उत्तर द्यायची. पण यंत्राचं, म्हणजे संगणकाचं, उत्तर तिसऱ्या दिवशी यायचं. ते आलं. त्याची एक प्रत, नियमाप्रमाणे, जमीनमालकाला गेली. त्यात लिहिलं होतं की आपल्या शेतात संभाव्य दफनस्थळ आढळलं असून पाहणी होईपर्यंत त्या शेतात नांगरट वा पेरणी टाळल्यास कार्यालय आभारी राहील.

ती प्रत अँब्रोझच्या हातात पडली, तेव्हा भाड्यानं आणलेलं पेरणीयंत्र त्याच्या फाटकाशी उभं होतं.

शुक्रवारी पॉकलिंग्टन यांचा फोन वाजला.

"पॉकलिंग्टन?"

"हो, अँब्रोझ, मी तुला सांगणारच—"

"रविवारी. चारला. चहाला ये. आत्या असेल."

फोन ठेवून पॉकलिंग्टन जिन्यावरच बसले. त्या भागात परवानगी देतात ती उभ्यानं, फाटकाशी. काढून घेतात ती मात्र घरात बसवून, चहा पाजून, वडीलधाऱ्यांच्या साक्षीनं. त्यात राग नसतो, रीत असते. गॉर्डनना फोनवर सांगितलं तर पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "चहाला? मग संपलं, डेस्मंड. माझं नदीकाठचं शेत फ्रूटकेकवर गेलं. मी दुसरा तुकडा मागितला, तोवर सगळं उरकलं होतं."

"एक शेत होतं माझ्याकडे," पॉकलिंग्टन म्युरियलला म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. या वेळी तिनं नुसतीच बिस्किटं ठेवली.

रविवारी चारला पॉकलिंग्टन कपलडिचांच्या स्वयंपाकघरात टाय बांधून बसले होते. कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळून, नळी. ती परत करायची होती. टेबलावर हॅम, मनुकांचा पाव, चीज आणि प्रत्येकासमोर एकेक उकडलेलं अंडं. टेबलाच्या टोकाशी हेप्झिबा आत्या. वय एक्याण्णव. कपलडिच मंडळी गल्लीतल्या चॅपेलची. पॉकलिंग्टनही तिथंच जायचे आणि मागच्या बाकावरून खर्जात गायचे. गावात प्रार्थनेच्या जागा दोन. टेकडीवरचं जुनं चर्च आणि हे गल्लीतलं विटांचं चॅपेल. चॅपेलमध्ये आता रविवारी सात माणसं उरली होती. पण कपलडिचांपैकी एकानंही गेल्या दीडशे वर्षांत टेकडी चढली नव्हती.

"तूच ना तो," आत्या म्हणाल्या, "सगळ्यांची ओळ संपली की आपली सुरू करणारा?"

"मी... सावकाश गातो, मिस कपलडिच."

"मला चालतं. माझी ओळ संपली की कुणीतरी अजून गातंय हे ऐकून बरं वाटतं. खा."

अँब्रोझनं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चहाच्या किटलीची कड त्यावर टेकवली. "दफन," तो म्हणाला. "कुणाचं?"

"कुणाचं नाही. म्हणजे, अर्जात दुसरं उत्तर नव्हतं."

"पेरणीवाला परत गेला. आता पुढच्या गुरुवारी येणार. गुरुवारी पाऊस आहे."

"अँब्रोझ, मी दोन पावलं—"

"वाचलं मी. तू स्वतःच लिहिलंयस." अँब्रोझनं पाव कापला. तो एकाच वेळी रागावला होता आणि अवघडला होता. खोटं बोलणाऱ्याला हाकलणं सोपं, खरं लिहून देणाऱ्याला हाकलायला माणसाला आधी पाव कापावा लागतो. "शब्द झाडापर्यंतचा होता."

"होता."

"मग..."

"अंडं खाऊ दे त्याला," आत्या म्हणाल्या. "अंड्यावर कुणाला हाकलू नये. आणि माझा रुमाल दे, गळायला लागलं."

आत्यांचं अंडं इतरांसारखं नव्हतं. लहान होतं, बुटक्या जातीच्या कोंबडीचं. ते ज्या कपात होतं तो कप पिवळट शिंगाचा, उथळ, आणि त्याचा निमुळता दांडा दोऱ्याच्या लाकडी रिळात खोचून उभा केलेला. पिवळा बलक त्या दांड्यातून, रिळातून, खालच्या घडीच्या रुमालावर थेंब थेंब उतरत होता.

"भोक आहे त्याला," पॉकलिंग्टन नकळत म्हणाले.

"घराण्यातलं आहे," आत्या अभिमानानं म्हणाल्या. "माझ्या बापाला गळायचा, त्याच्या बापालाही गळायचा. कपलडिचांच्या घरात जो सर्वांत मोठा, त्यानं रविवारी यात अंडं खायचं. मोठं अंडं बसत नाही, म्हणून आम्ही बुटक्या कोंबड्या पाळतो."

"बलक वाया जातो म्हणून रुमालही दर रविवारी उकळतो," अँब्रोझ म्हणाला. त्याच्या दृष्टीनं हे मोठं भाषण होतं.

पॉकलिंग्टन त्या दांड्याकडे बघत राहिले. निमुळता, गोल, करंगळीएवढा. खिशातल्या नळीचं बारीक तोंड त्यांच्या मांडीला टोचत होतं. पाणीखात्यातल्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, कुठलं टोक कुठल्या तोंडात बसेल हे नजरेनं कळतं. बर्नार्ड कट्सना यावर हक्क सांगता आला असता, पण ते तिथे नव्हते, आणि देव कधीकधी एवढी दया करतो.

"मिस कपलडिच," ते म्हणाले, "तुमचं अंडं संपलं की मला तो कप क्षणभर देता का?"

"आपण परवानगीबद्दल बोलतोय," अँब्रोझ म्हणाला.

"हो. पण अंडं संपल्यावर."

एक्याण्णव वर्षांच्या बाईनं एवढंसं अंडं खायला किती वेळ लागतो? बारा मिनिटं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आत्यांनी कवचाचा तळ खरवडला, चमचा चाटला, तोंड पुसलं, थोडं मीठ उरलं होतं ते बोटानं टिपलं. मग कप रिळातून उपसून, रुमालानं पुसून, पॉकलिंग्टन यांच्यापुढे सरकवला.

पॉकलिंग्टन यांनी नळी काढली. अर्धी हिरवी, अर्धी सोनेरी. शिंगाच्या कपाचा दांडा तिच्या लखलखत्या बारीक तोंडात घातला आणि जरासा फिरवला. कप असा बसला की जणू कालच काढून ठेवला होता.

 मग आत्या खुर्चीवरून उठल्या. त्या उठल्या की अँब्रोझ धावून हात द्यायचा, पण आज त्या हात येण्याआधीच उभ्या होत्या. "बोळातला फोटो आण," त्या म्हणाल्या. "जेबेझचा."

बोळात कोटांच्या मागे एक काचेवरचा जुना फोटो टांगलेला होता. शेकोटीच्या धुरानं इतका काळा झालेला की आतली माणसं की कोळशाची पोती, हे कळत नव्हतं. अँब्रोझनं तो टेबलावर ठेवला आणि बलकाच्याच रुमालाच्या कोरड्या टोकानं पुसला. सात पुरुष, दाढीवाले, चर्चच्या दारात. कुणाकडे फिडल, कुणाकडे बासरी. मधे खापरपणजोबा जेबेझ कपलडिच. त्यांनी मिठी मारली होती एका काळ्या, जाडजूड, नागमोडी वस्तूला.

"आम्ही लहानपणी समजायचो की धुराड्याचा पाइप धरलाय," अँब्रोझ हळूच म्हणाला.

त्या पाइपच्या वरच्या टोकाला हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी होती आणि नळीच्या तोंडाशी, ओठांजवळ, पांढुरका छोटा कप.

"सर्प म्हणत त्या वाद्याला," आत्या म्हणाल्या. "लाकडाचं, वरून चामडं. माझे आजोबा सांगायचे. जेबेझ वाजवायचे. चाळीस वर्षं देवासमोर वाजवलं. मग नवीन पाद्रीबाबा आले, त्यांनी पेटी आणली. एका माणसानं पाय हलवले की झालं, मग सात माणसं कशाला? जेबेझना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. जेबेझ म्हणाले, ती पेटी चर्चमध्ये आहे तोवर कपलडिचांचा पाय त्या उंबऱ्याला लागणार नाही. सर्पाचं काय केलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी विचारलं तर म्हणायचे, विश्रांतीला ठेवलाय."

पॉकलिंग्टन यांना तो चपटा दगड आठवला. कुजलेलं लाकूड आणि चामड्याची काळी माती आठवली. नागमोडी ओळीतल्या त्या तीन पट्ट्या म्हणजे वाद्याच्या चाव्या. खाटेएवढा तुकडा. एका माणसाला ज्या मानानं पुरतात, त्या मानानं जेबेझनी आपलं वाद्य पुरलं होतं; फक्त ओठांना लागलेला कप तेवढा त्यांना सोडवला नव्हता.

"म्हणजे दफनच," अँब्रोझ म्हणाला. त्यानं घरात टोपी घातलेली नव्हती, तरी त्याचा हात डोक्यापर्यंत गेला.

"वाजव," आत्या पॉकलिंग्टनना म्हणाल्या.

"पण उरलीय नुसती नळी, मिस कपलडिच."

"मग नुसती नळी वाजव."

पॉकलिंग्टन यांनी ओठ लावले. बलकाची चव लागली. त्यांनी फुंकलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली, दुसऱ्यांदा थुंकी. तिसऱ्यांदा एक जाड, ओबडधोबड, गोठ्यातून आल्यासारखा हंबर निघाला. खिडकीबाहेर कुरणात चरणारे अँब्रोझचे अकरा बैल माना वर करून एका रांगेत कुंपणाशी आले आणि उभे राहिले. त्यांच्यातल्या एकानं उत्तरही दिलं. चाळीस वर्षं चॅपेलमध्ये गाऊन पॉकलिंग्टनना एवढा श्रोतृवर्ग कधी मिळाला नव्हता.

आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. "हॅदरबीचं चर्च भरून जात असेल," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. "ती पेटी अजून आहे का रे तिथे?"

अँब्रोझनं नकारार्थी मान हलवली. "किडीनं खाल्ली. सत्तर वर्षं झाली असतील."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू विचारलं नाहीस, आत्या."

आत्यांनी यावर थोडा विचार केला. "सुगीची प्रार्थना कधी आहे वर?"

"पुढच्या रविवारी."

"मग मला न्यायचं." त्या पॉकलिंग्टनकडे वळल्या. "आणि तू हे घेऊन यायचं. दोन पावलं पलीकडे गेलास, ती चूक. लिहून दिलंस, ते बरं केलंस. लपवलं असतंस तर मी मरेपर्यंत गळक्या कपात अंडं खाल्लं असतं."

अँब्रोझनं पत्र किटलीखालून ओढून घडी केलं. "परवानगी," तो म्हणाला आणि थांबला. शब्द कणगीतून मोजून काढले. "झाडापर्यंत. आणि झाड कुठलं, ते मी येऊन दाखवीन. तुला नीट दिसत नाही."

पॉकलिंग्टननी मान खाली घातली. अपमान होता, पण असा अपमान रोज झाला तरी चाललं असतं.

त्या संध्याकाळीच म्युरियलनं पॉकलिंग्टन यांना कार्यालयाला पत्र लिहायला लावलं. दफन वाद्याचं आहे, माणसाचं नाही. हे मात्र यंत्रालाही पटलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की नांगरटीला हरकत नाही. गुरुवारी पाऊस आला नाही. पेरणी झाली. ट्रॅक्टर झाडापाशी वळला तेव्हा अँब्रोझनं टोपी पूर्ण काढली. डोकं खाजत नव्हतं.

सुगीच्या रविवारी टेकडीवरचं चर्च भोपळ्यांनी, पावांनी आणि गव्हाच्या पेंढ्यांनी भरलेलं. हेप्झिबा आत्या उंबऱ्यापाशी थांबल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अँब्रोझ. मागे चॅपेलचे उरलेले सगळे. पाद्रीबाई दारात आल्या आणि "या," एवढंच म्हणाल्या. त्या शहाण्या होत्या. आत्यांनी उजवा पाय आत टाकला, मग डावा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे वाजवत नाहीत.

पहिल्या भजनाचा सूर पॉकलिंग्टन यांनी द्यायचा होता. बर्नार्ड कट्स पुढच्याच बाकावर, उलटं बसून बघत होते. पॉकलिंग्टन यांनी नळी उचलली, देवाचं नाव घेतलं आणि फुंकलं. हंबर निघाला. छतातलं एक कबूतर जागा बदलून बसलं. सूर खरा होता की नाही, ते देव जाणे, पण इतका खाली होता की सगळ्या गावानं जिथून गाणं उचललं, तिथे गावातल्या बहुतेक गळ्यांना वाटच नव्हती. बायका दोन ओळींत गप्प झाल्या, पोरं हसू दाबत गप्प झाली, तिसऱ्या ओळीला बर्नार्डही खोकून थांबले. उरला एकच आवाज, मागून येणारा, सावकाश, खर्जातला. आयुष्यात पहिल्यांदा पॉकलिंग्टन यांना स्वतःचा आवाज पूर्ण ऐकू आला आणि तो त्यांना बरा वाटला. चौथ्या ओळीला त्यांच्यासोबत आणखी एक आवाज आला. फाटका, थरथरता, एक्याण्णव वर्षांचा. आत्या त्यांच्या बरोबरीनं, अर्धी मात्रा मागे गात होत्या.

कप आता चर्चमध्ये नळीला बसवूनच ठेवलेला असतो. आत्यांना रविवारी साधा चिनी मातीचा कप देतात. त्यांची तक्रार आहे की तो गळत नाही, आणि न गळणाऱ्या अंड्याला चव नसते.

मे महिन्यात डॉ. रोवेना प्राइस यांचं माणसाचं उत्तर आलं. उशिराबद्दल चारदा क्षमा मागितली होती. फोटो पाहिले होते, वजन नोंदवलं होतं. पॉकलिंग्टन यांचं वाद्याबद्दलचं दुसरं पत्र दुसऱ्याच फायलीत गेलं असावं, कारण खाली लिहिलं होतं: 'वाकडी पितळी नळी. काळ अनिश्चित. उपयोग नक्की सांगता येत नाही, परंतु बहुधा धार्मिक विधीसाठी.'

बत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढलेल्या पॉकलिंग्टन यांनी चष्मा लावला, लाल पेनचं टोपण काढलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा वाचलं.

"काय झालं?" म्युरियलनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले आणि टोपण परत लावलं. "बरोबर आहे."